केशरज्जीचं सुतक

८ डिसेंबर

झालं! केशरज्जी तयार झाली!

आज मी, नवरा येसू आणि मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्या घरी गेलो. सुईणीला नुसतं ‘ये हं’ म्हणून चालत नाही, ओटीत नारळ घालून बोलवावं लागतं. हे मला मामींनी कालच सांगितलं. अज्जी अंगणात कंद सोलत बसली होती, हात कोपरापर्यंत मातीचे. मी नारळ पुढं केला तर ती नारळाकडं बघतच राहिली.

“कुनाचं गे?”

“माझंच की अज्जी. चौदा फेब्रुवारीला.”

“का? दवाखान्याला कुलूप घातलं काय?”

मी म्हटलं, मला घरीच व्हायचंय, इथंच गुंदमध्ये, तुझ्या हातानं. तिनं लुगड्याला हात पुसले. परत पुसले. उठून धुऊन आली, आणि मग ओटी पसरली. शेवटचा नारळ सहा वर्षांपूर्वी आला होता म्हणे. आता सगळ्या जीपनं जातात. “अर्ध्या वाटेतच होतात,” अज्जी म्हणाली, “मग डायवरच सुईन.”

येसूला पण हिनंच बाहेर काढलंय. येताना मी उड्या मारायच्या बाकी होते. येसू म्हणाला, “गेल्या वर्षी मशरूम, त्याच्या आदी मध, यंदा पोर. बघू हे तरी टिकतंय काय.”

मी त्याला चिमटा काढला. पण खरंय. मी बी.एड. पण अर्धं सोडलंय.

११ डिसेंबर

फोनला रेंज पाहिजे तर शाळेमागच्या टेकाडावर जावं लागतं. सातव्या महिन्यात टेकाड चढून मी काय मिळवलं, तर आईच्या शिव्या.

“पहिलं बाळंतपण माहेरात असतंय मयूरी. अख्खं रामनगर विचारंल, हिची आई मेली काय म्हणून.”

“सांग की, जिवंत हाय आणि दुकानात बसलीय.”

“आणि त्या म्हातारीला दिसतंय तरी काय?”

“ती हातानं बघती.”

“हातानं बघायला तो काय फणस हाय?”

मी फोन ठेवला आणि खाली येईपर्यंत एकटीच हसत होते. फणस! हे लिहून ठेवायला पाहिजे.

एक गोष्ट मात्र इथं लिहिते, कारण इथं कुणी वाचत नाही. मला हे घरी का पाहिजे, ते मी सगळ्यांना नीट पटवून सांगते. ओळखीचे हात, आपली खोली, कुणी ओरडणारं नाही. सगळं खरं. पण त्याच्या खाली अजून एक आहे. मला हे लिहायचंय. आतून, चालू असताना. कुठल्या बाईनं कळा येता येता लिहिलंय? दोन कथा छापून आल्यात माझ्या, दोन्ही बेळगावच्या कॉलेजातल्या पोरींच्या. मलाच कंटाळा आला वाचून. मला पोर पाहिजे की पोराची गोष्ट पाहिजे? दोन्ही. दोन्ही पाहिजे म्हटलं तर काय बिघडलं?

२१ डिसेंबर

मधली खोली माझी! मामींनी जमीन सारवली, येसूनं आढ्याला दोर बांधला. कळ आली की त्याला लोंबायचं. मी आत्ताच दहा वेळा लोंबून बघितलं. जुनी लुगडी उकळून वाळवली. अज्जी नाळ लगेच कापत नाही, तिची धडधड थांबली की मगच कापते. मला हे बेळगावात एका पुस्तकात वाचायला लागलं होतं आणि हिला कुणी न सांगता माहीत!

तिची एकच अट. पहिली कळ आली की जीप दारात उभी पाहिजे.

“कशाला? तू हायस की.”

“मी हाय. जीप पन हाय. दोघी बसतो.”

मला जरा राग आला. एवढं सगळं ठरवायचं आणि दारात जीप! पण म्हटलं असू दे, म्हातारीचं मन. नंतर कथेतनं जीप काढून टाकता येईल.

५ जानेवारी

स्नेहा आली होती. आमच्या भागातली आशा कार्यकर्ती. माझ्याच वयाची आहे, पण पिशवी खांद्याला लावली की चाळीस वर्षांची वाटते. तिनं माझं तायी कार्ड उघडलं. त्यात गरोदर बाईचं वजन, रक्त, इंजेक्शन सगळं लिहिलेलं असतं. माझ्या कार्डात ‘बाळंतपण कुठं’ हा रकाना रिकामाच.

“घरी लिही.”

“मला असं लिहिता येत न्हाई मयूरी.”

मला वाटलं आता केशरज्जीशी भांडण लागणार आणि मला फुकट एक प्रसंग मिळणार. कसलं काय! दोघी चहा पीत तासभर बोलत बसल्या. कुठली वाट खचलीय, कुठल्या डॉक्टरीणबाई ऑपरेशनच्या दिवशी असतात, असलं काहीतरी. अज्जी एकेक नीट विचारून घेत होती. मी कंटाळून आत गेले.

जाताना स्नेहा म्हणाली, “छत्तीस आठवडे झाले की एक स्कॅन कर. एवढं तरी माझ्यासाठी.”

करू की, म्हटलं. पाचव्या महिन्यात केलंय एकदा, सगळं छान होतं.

१२ जानेवारी

नवी वही शिवली. प्रत्येक कळेला एक पान. पानावर आकडे घातले, १ ते ६०. पुरतील? अज्जीला विचारलं, किती कळा येतात. म्हणाली, “मोजायला शुद्ध राहिली तर सांग.”

येसू म्हणतो, पेन दोरीनं हाताला बांध, नाहीतर माझ्या डोळ्यात जाईल.

पोटात नुसता धुमाकूळ. आज मला वाटलं की आत कुणीतरी फर्निचर हलवतंय.

१९ जानेवारी

आज मोठी तपासणी. अज्जीनं खोबरेल कोमट करून घेतलं, मला चटईवर झोपवलं. तिचे हात बघण्यासारखे असतात. आधी नुसते ठेवते, जसे कुणी झोपलेल्या गाईच्या अंगावर ठेवावेत तसे. मग बोटं चालायला लागतात. एरवी पाच मिनिटं. आज किती वेळ! कुशीवर वळवलं, परत सरळ केलं. कान लावला, बेंबीच्या खाली, मग वर. वरच खूप वेळ.

“लाथा कुठं मारतंय?”

“खाली! एकदम खाली. सारखं मुतायला पळायला लागतंय. आणि हे बघ, वर बरगडीखाली एक टणक गोळा आलाय, गोल. ढुंगण आहे त्याचं. मी रोज थापटते.”

अज्जीनं त्या गोळ्यावर तळवा ठेवला. “थापट,” म्हणाली.

“कसं हाय सगळं?”

“जिवंत हाय, दांडगं हाय.”

दांडगं! मी मामींना ओरडून सांगितलं. मग अज्जीनं एक नवं काम लावलं. रोज सकाळ-संध्याकाळ गुडघ्यावर बसून डोकं जमिनीला टेकायचं, कंबर वर, आणि तसंच शंभर मोजायचं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, “पोराला जागा व्हती.” किती सुंदर! दोन ओळी सुचल्या लगेच, डोकं खाली असतानाच.

२४ जानेवारी

शंभरचे दोनशे झालेत. अज्जी आता रोज येते, न बोलावता. तेल लावते, दाबते, थांबते, परत दाबते. आज दोन्ही हातांनी पोट धरून हळूहळू एका बाजूला सारल्यासारखं केलं. दुखलं नाही, पण बाळ जागचं हललं नाही आणि तिनं लगेच सोडून दिलं. तिच्या कपाळाला घाम. थंडीत!

मी म्हटलं, “अज्जी, किती करतीस गे माझ्यासाठी. तू असताना मला कसली भीती? उलटं आलं तरी तू काढशील.”

ती उठली. हात धुवायला गेली.

मामी दारात होत्या. मी म्हटलं, खरंच की, हिनं पायानं आलेली पण काढली असतील. मामी म्हणाल्या, “काढल्यात की. माझंच पहिलं पायानं आलतं. येसूच्या आदीचं.”

मी एकदम उठून बसले. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! “मग?”

“मग काय. कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिलेत.”

आणि गेल्या. मामींना गोष्ट सांगायची कला अजिबात नाही. शेवट यायच्या आधीच उठतात. पण बघा, म्हणजे अज्जीला त्याचाही अनुभव आहे. माझ्या निवडीवर मीच खूश आहे.

संध्याकाळी अज्जी स्नेहाच्या घराच्या वाटेनं जाताना दिसली. एवढं लांब, काठी टेकत. चहाची सवय लागली वाटतं.

२८ जानेवारी

सगळं संपलं. मला इतका राग आलाय की अक्षर बघा.

बाजारकुणंग गावचे कुणी भिकाजी म्हणून होते, ते परवा वारले. नव्वदीचे. वाईट झालं, पण मी त्यांना जन्मात बघितलेलं नाही. आज सकाळी केशरज्जी आली आणि अंगणाच्या कडेलाच थांबली. केस मोकळे, तेलाचा पत्ता नाही. आत ये म्हटलं तर हात वर केला.

“सुतक आलं गे बाय. भिकाजी आमच्या भावकीतला. दहा दिवस मला बाळंतिणीला हात लावता येत न्हाई.”

दोर बांधला, लुगडी उकळली, साठ पानांवर आकडे घातले, सगळ्या-सगळ्याचा विचार केला, आणि सुतक! हे माझ्या यादीत नव्हतंच! सुईणीच्या भावकीत कोण म्हातारं आहे, हे कोण विचारतं?

मी म्हटलं, “दहा दिवसच ना? पाच तारखेला संपतंय. माझी तारीख चौदा.”

“पोराला सुतक कळत न्हाई. ते काय थांबतंय? आईकडं जा. आज जा. उजेड हाय तवर जा.”

“तू नाही तर मी कुणाकडंच नाही जाणार.”

तिथनंच, अंगणाच्या कडेवरनं, ती माझ्यावर ओरडली. केशरज्जी! जिनं आजवर आवाज चढवला नव्हता. “सुतकातल्या हातानं तुला शिवू? माझ्या डोक्यावर पाप घालतीस? जा म्हंते न्हवं!”

मी रडले. मामी गुपचूप माझी बॅग भरत होत्या. आणि कमाल म्हणजे जीप आधीच आलेली होती, येसू तिचं टायर बघत उभा. स्नेहा पण त्याच बाजूला निघाली होती, माझं कार्ड नेमकं तिच्याच पिशवीत. एका दिवशी एवढे योगायोग, पण एकही माझ्या बाजूनं नाही.

जीप वळली तेव्हा अज्जी तिथंच उभी होती. तिनं हात हलवला नाही. सुतकात हलवत नाहीत की काय कोण जाणे.

१ फेब्रुवारी, रामनगर

आईनं एक दिवस पण वाया घालवला नाही. दुसऱ्याच दिवशी बेळगावला नेलं, स्कॅन.

हे बाळ बसलंय! चक्क! डोकं वर, बरगडीखाली. मी रोज थापटत होते ते डोकं होतं! एक पाय खाली सोडून बसलंय, नदीत पाय सोडल्यासारखं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय आधी येईल, अंग येईल, आणि डोकं अडकायची भीती. पहिलटकरीण, त्यात पाणी पण कमी झालंय, आता वळायला जागा नाही. पाच तारखेला ऑपरेशन.

म्हणजे पायाळू! लहानपणी आमच्या गल्लीत एक पायाळू होता, कुणाची कंबर धरली की त्याला बोलावून लाथ मारून घ्यायचे. आता घरचंच झालं.

मी हसले तिथं. मग गाडीत रामनगर येईपर्यंत पोटावरचा हात काढला नाही.

एक वाईट वाटतंय. केशरज्जीच्या हातांना हे कळलं नाही. इतक्या वेळा बघितलं तिनं. आईचंच खरं ठरलं, म्हातारीचे हात थकलेत. मी येसूला बजावलं, तिला हे सांगायचं नाही. सहा वर्षांनी नारळ आलेला, तिला किती लागेल. येसू म्हणाला, “न्हाई सांगत.”

तो वाटेत बाजारकुणंगला भेटून आला, भिकाजीच्या घरी. तिथली माणसं म्हणे, केशर कोण? गुंदमध्ये आमचं कुणीच न्हाई. बघा! ही बिचारी दहा दिवस तेल लावत नाही, गावची जत्रा असून देवळाची पायरी चढत नाही, आणि त्यांना हिचं नाव पण माहीत नाही. हल्ली नाती कोण ठेवतं.

येसू हे सांगताना खाली बघून बूट पुसत होता. दमलाय तो.

७ फेब्रुवारी

मुलगी!!!

परवा सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. तीन किलोला जरा कमी. साठातलं एकही पान लिहिलं नाही. पेन पण आणला नव्हता. कमरेखाली काही कळत नव्हतं. समोर हिरवा पडदा, आणि पलीकडं माझ्याबद्दल काहीतरी चाललेलं, जसं शेजारच्या घरात भांडी घासतात. मग एकदम ती! आधी आवाज. इतका चिडलेला आवाज. मला वाटलं होतं मला शब्द सुचतील. मी फक्त ‘अगं, अगं, अगं’ म्हणत राहिले. हीच माझी आजवरची सगळ्यात प्रामाणिक रचना.

तिचा एक पाय अजून वरच राहतो, कानापर्यंत. ओढून सरळ केला तरी टिचकन परत वर.

डॉक्टरीणबाई आज म्हणाल्या, नाळ पण एकदा गळ्याभोवती होती. “वेळेत आलात. कुणी पाठवलं?”

मी म्हटलं, “भिकाजींनी.”

“डॉक्टर आहेत का?”

“नाही. ते वारले म्हणून मी इकडं आले.”

त्यांनी माझा ताप बघितला.

पण खरंच! रात्रभर हाच विचार करते. हा माणूस अजून दोन आठवडे जगला असता तर मी गुंदमध्ये दोराला लोंबत असते. यावर कथा आहे. एका अनोळखी माणसाच्या मरणानं वाचलेली मुलगी. देव असो, योगायोग असो, काहीही असो, मी भिकाजींच्या नावानं एक नारळ फोडणार आहे.

१६ फेब्रुवारी, रामनगर

आज बारसं झालं. अंगात ताकद नाही, टाके ओढतात, पण हे आजच लिहायला पाहिजे.

मामी आणि केशरज्जी सकाळच्या बसनं आल्या. अज्जी बसमध्ये बसून आली! न्हालेली, केसांना तेल. माझ्याकडं बघितलंच नाही, थेट पाळण्याकडं गेली. बाळाला मांडीवर घेऊन आधी डोक्यावरनं तळवा फिरवला, सगळीकडनं, कानामागनं सुद्धा.

“किती गोल हाय गे. कुठं अडकलं न्हाई.”

मी पटकन विषय बदलला. तिला अजून कळू द्यायचं नव्हतं ना. म्हटलं, “अज्जी, बरं झालं असतं तू असतीस तर.”

“व्हय,” ती म्हणाली. “मला पन बरं वाटलं असतं.”

नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. मग मामी उठल्या. त्यांनी पिशवीतनं एक लुगडं काढलं, हिरवं, लाल काठाचं, आणि खणनारळ. पाट मांडला. आमच्याकडं बारशाला सुईणीचा मान असतो, ज्या हातानं बाळ बाहेर आलं त्या हाताचा. आई म्हणाली, “विहीणबाई, डॉक्टरीण कुठं आलीय?”

मामींनी केशरज्जीला दंडाला धरून उठवलं.

“सोड गे गिरजा. मी काय केलं? माझा हात पन लागला न्हाई.”

“सुतक पाळलंस की.”

एवढंच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना एक गोष्ट शेवटपर्यंत सांगताना बघितलं.

येसू छताचा पंखा बघायला लागला. स्नेहा पण आली होती, ती एकदम पिशवीत काहीतरी शोधायला लागली. मी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. सगळ्यांना माहीत होतं. घरात सगळ्यात जास्त शिकलेली मी, रोजची वही लिहिणारी मी, आणि मला एकटीलाच माहीत नव्हतं.

“अज्जी,” मी म्हटलं, “भिकाजी तुझा कोण?”

“कोन न्हाई.”

“मग मला सरळ का नाही सांगितलंस? डोकं वर हाय म्हणून?”

“पोटुशीच्या तोंडावर तसं बोलायचं न्हाई. आतलं ऐकतंय.” मग पाळण्याकडं बघितलं. “आनि तू काय म्हटली असतीस? अज्जी हाय की! काढंल की अज्जी! मला पन कुनी तसं म्हटलं की वाटतंय बघ, काढीन म्हणून. गिरजाच्या येळंला पन वाटलंतं.”

मामींनी डोळ्याला पदर लावला आणि दुसऱ्या हातानं पाटाकडं दाखवलं. “बस आता.”

अज्जी बसली. मी उठले, टाक्यांवर हात दाबून, आणि ओटी मी भरली. वाकता येत नव्हतं म्हणून तिनं पदर उचलून वर धरला, माझ्या हाताएवढा वर. मी नारळ घातला तेव्हा तिनं माझं मनगट धरलं, आणि थोडा वेळ सोडलं नाही.

मग लुगडं उलगडून काठ दोन बोटांत चोळून बघितला. रंग कसला म्हणून विचारलं. हिरवा, आम्ही सगळ्यांनी एकदम सांगितलं. ती उठली, आत गेली, आणि आईच्या खोलीतनं तेच नेसून बाहेर आली.